सही करण्याआधी पाटल्यांचं विचारा

प्रश्न

ताई, माझं वय ३७. नाशिकमध्ये एका पतसंस्थेत नोकरी करते. लग्नाला बारा वर्षं झाली, मुलगा आठ वर्षांचा आहे. हे अंबडच्या एका कंपनीत आहेत. आम्ही सिडकोत सासू-सासऱ्यांबरोबर राहत होतो. दोन वर्षांपूर्वी मामेबहिणीच्या लग्नासाठी दागिने काढायला लॉकरवर गेले, तर पाटल्या, तोडे, राणीहार, काहीच नाही. ह्यांनी ते गहाण ठेवून दिराला टेम्पो घ्यायला पैसे दिले होते. विचारलं तर म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस." सासूबाई म्हणाल्या, "घरातलं सोनं घरातच गेलं, त्यात एवढं काय?" आधी भांडणं झाली, मग अबोला. शेवटी मुलाला घेऊन पंचवटीत आईकडे आले. मारहाण, दारू, बाहेरचं काही, असलं काहीच नाही.

मार्चमध्ये आम्ही परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला. पुढची तारीख सप्टेंबरमध्ये आहे. मध्ये मे महिन्यात सासऱ्यांची बायपास झाली. मुलाला आजोबांना भेटवायला म्हणून हॉस्पिटलमध्ये गेले आणि तीन रात्री तिथेच थांबले. हे सारखे चहा आणून देत होते. घरी सोडताना गाडीत दोघंही गप्प होतो, पण ते गप्प बसणं पूर्वीसारखं नव्हतं. तेव्हापासून रोज मेसेज येतो. आधी मुलाबद्दल असायचा, आता असाच. मला रात्र रात्र झोप लागत नाही. वकील म्हणतात, सहा महिने थांबायची गरज नाही, मुदत माफ करण्याचा अर्ज टाकू, येऊन सही करून जा. मी टाळतेय. आईजवळ विषय काढला की ती रडते. भाऊ म्हणतो, "वकिलाची फी भरली, पाहुण्यांना सांगून झालं, आता तमाशा करू नकोस." एवढं पुढे आल्यावर मागे फिरता येतं का? आणि फिरावं का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, ते आधी देऊन टाकते. हो, फिरता येतं. तुम्ही समजता तेवढ्या पुढे गेलेल्याच नाही.

तुमचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली असणार. हे कलम मूळ १९५५ च्या कायद्यात नव्हतं, १९७६ मध्ये आलं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी तुमच्यासारख्यांचाच विचार करून त्यात दोन टप्पे ठेवले. आधी दोघांनी मिळून अर्ज करायचा. मग किमान सहा महिने थांबायचं. त्यानंतर, पण अर्जाच्या तारखेपासून अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं की आमचं अजूनही तेच म्हणणं आहे. मधल्या काळात कुणाचं मन बदललं तर तो कोर्टाचा अपमान होत नाही. मन बदलतंय का हे बघायलाच तो काळ दिलेला आहे. १९९१ मध्ये सुरेष्टा देवी विरुद्ध ओमप्रकाश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की संमती हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत टिकायला हवी आणि दोघांपैकी कुणीही एकजण ती मागे घेऊ शकतो. दोघंही राजी असाल तर काम आणखी सोपं. अर्ज मागे घेत आहोत अशी पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, द्यायची, न्यायाधीश दोघांना विचारतात, प्रकरण निकाली निघतं. कोणी रागावत नाही. कौटुंबिक न्यायालयात अशा पुरसिशीला लोक पेढे वाटल्यासारखे खूश होतात, हे तुमच्या भावाला जरूर सांगा.

आता वकिलांच्या त्या अर्जाबद्दल. २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सहा महिन्यांची अट प्रत्येक वेळी बंधनकारक नाही. जोडपं आधीपासून पुरेसा काळ वेगळं राहत असेल, समेटाचे प्रयत्न खरोखर करून संपले असतील, पोटगी आणि मुलांचा प्रश्न मिटला असेल आणि थांबण्याने फक्त त्रास लांबणार असेल, तर न्यायालय ही मुदत माफ करू शकतं. निकाल चांगला आहे. ज्यांचं सगळं संपलेलं असतं त्यांना आणखी सहा महिने अडकवून ठेवण्यात काय अर्थ? पण आता अशा प्रकरणात हा अर्ज टाकायची पद्धतच पडून गेली आहे, आणि तुमचे वकील पद्धतीप्रमाणे वागताहेत. त्यांना वाईट म्हणू नका. त्यांना तुमची झोप उडालेली माहीत नाही. त्या अर्जात, समेट होण्याची शक्यता उरलेली नाही, अशा अर्थाचं वाक्य असतं आणि त्याखाली तुमची सही असते. आज ते वाक्य तुमच्या बाबतीत खरं आहे का? नाही. मग सही करायची नाही. वकिलांना सरळ सांगा की मला पूर्ण मुदत हवी आहे. कारण देण्याची गरज नाही.

इथपर्यंत झालं कायद्याचं. दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि त्याचं उत्तर देण्याआधी तुमच्या पत्राबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

छापताना ते बरंच कापावं लागलं. मूळ पत्रात लॉकरची हकिगत जेमतेम अर्धं पान आहे आणि हॉस्पिटलची अडीच पानं. कोणत्या मजल्यावर खोली होती, चहा कशात आणला, मुलगा कुणाच्या मांडीवर झोपला, सगळं आहे. पण पाटल्यांचं पुढे काय झालं ते कुठेच नाही. गहाण सुटलं का? टेम्पोचे पैसे दिराने परत केले का? समझोत्याच्या अटींमध्ये दागिने परत करायचं लिहिलंय, एवढं तुम्ही कंसात सांगता आणि पुढे जाता. दुसरी गोष्ट. पूर्ण पत्रात तुमच्या नवऱ्याने "परत ये" म्हटल्याचं एकही वाक्य मला सापडलं नाही. चहा आहे, मेसेज आहेत, गाडीतलं ते वेगळं गप्प बसणं आहे. त्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही लावला आहे. तो बरोबरही असेल. पण बारा वर्षांच्या संसारात तुमचं नेमकं काय बिनसलं? त्यांनी न बोलता ठरवलं आणि तुम्हाला नंतर कळलं. आता तुम्हीही त्यांच्या न बोललेल्या गोष्टीवर आयुष्याचा निर्णय घ्यायला निघाला आहात.

आजारपणात माणसं चांगली वागतात. दवाखान्यात भावकीतले जन्माचे वैरी एकमेकांना डबा आणून देतात. म्हणून ते खोटं असतं असं मी म्हणणार नाही. तुमच्या पतीचा चांगुलपणा खराच असेल, आणि तुमच्या सासऱ्यांच्या उशाशी बसणारी तुम्हीही खरीच होता. पण त्या तीन रात्रींत घरखर्च कुणी विचारला नाही, दिराचा हप्ता थकला नाही, सासूबाईंना टोमणा मारायला उसंत नव्हती. तुमचा संसार ज्या जागी मोडला ती जागा हॉस्पिटलमध्ये नव्हतीच. त्यामुळे तिथे जे जुळलं त्यावरून त्या जागेबद्दल काहीच कळत नाही.

म्हणून मी "फिरावं का" याचं उत्तर हो किंवा नाही असं देणार नाही. आधी नवऱ्याला भेटा. मेसेजवर नाही, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये नाही, तुमच्या माहेरी नाही आणि सिडकोतल्या घरात तर नाहीच. गंगापूर रोडला एखाद्या साध्या हॉटेलात, मुलगा शाळेत असताना. आणि भावनांनी सुरुवात करू नका. पहिला प्रश्न एवढाच ठेवा: पाटल्या कुठे आहेत?

हसू नका. सगळी मेख तिथेच आहे. ते म्हणाले, "सोडवल्या, ही बघ पावती", तर त्या माणसाने दोन वर्षांत न सांगता एक चांगली गोष्ट केली आहे. ते म्हणाले, "अजून गहाण आहेत, पण दर महिन्याला एवढे भरतोय", आणि कर्जाचं स्टेटमेंट समोर ठेवलं, तरीही बोलण्यासारखं बरंच आहे. ते म्हणाले, "तू अजून त्याच गोष्टीवर अडकलीस का?", तर तुम्हाला उत्तर मिळालं. तुमची चहा घेऊन घरी जायची वेळ झाली.

सोन्याबद्दल तुमच्या मनात थोडीशी शरम आहे असं पत्र वाचताना वाटलं, जणू काही दागिन्यांसाठी घर सोडलं असं लोक म्हणतील. सासूबाईंचं ते वाक्य तुमच्या मनात घर करून बसलंय. तर हे ऐका. लग्नात आणि लग्नानंतर तुम्हाला मिळालेले दागिने हे तुमचं स्त्रीधन आहे. त्यावर नवऱ्याचा हक्क नाही, सासरचाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात हे सांगितलं आणि एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा एकदा: अडचणीच्या वेळी नवऱ्याने ते वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याचीच राहते. तेव्हा "घरातलं सोनं घरातच गेलं" हे चूक आहे. तुमचं सोनं दिराच्या धंद्यात गेलं.

पहिल्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं तरच दुसरा विचारा: पुढच्या वेळी भावाला पैसे लागले तर काय कराल? याचं उत्तर "आता असं होणार नाही" असं आलं तर ते पुरेसं नाही. असं होणारच आहे. भाऊ आहे, धंदा आहे, अडचणी येणारच. मला ऐकायचंय ते असं काहीतरी: "तुला आधी सांगेन आणि तू नाही म्हणालीस तर देणार नाही", किंवा निदान, "माझ्या पगारातून देईन, तुझ्या गोष्टींना हात लावणार नाही." मग तिसरा मुद्दा, राहायचं कुठे. सिडकोतल्या त्याच घरात, त्याच खोलीत परत जाणार असाल तर सहा महिन्यांत तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल, असं मला वाटतं. सासऱ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यामुळे वेगळं राहण्याचा विषय काढणं तुम्हाला क्रूरपणाचं वाटेल. तरी काढा. जवळच भाड्याने दोन खोल्या घेऊन सासऱ्यांच्या औषधपाण्याला रोज जाता येतं. लॉकर तुमच्या एकट्याच्या नावावर, पगाराचं खातं वेगळं, आणि दोघांच्या कर्जांचा सिबिल अहवाल (कर्ज आणि परतफेडीच्या नोंदी) एकदा समोरासमोर बसून बघायचा. तुम्ही पतसंस्थेत काम करता. गहाणखतावर कर्जदाराच्या गोड बोलण्यापेक्षा काय बघायचं असतं हे मी तुम्हाला शिकवायला नको.

ही बोलणी दोघांनाच जमतील असं नाही. जिथे बारा वर्षांत जमली नाहीत तिथे एका दुपारी कशी जमतील? कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातच त्यांची तरतूद आहे आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. संमतीच्या प्रकरणात बहुतेक जोडपी त्यांच्यासमोर जाऊन "आमचं ठरलंय" म्हणून पाच मिनिटांत बाहेर पडतात. तुम्हीही मार्चमध्ये तेच केलं असेल. आता पुन्हा वेळ मागा. दोघांनी मिळून मागितलीत तर उत्तम, पण एकटीने जाऊनही सांगता येतं की माझ्या मनात शंका आहे. वकिलांमार्फत हे सांगायला अवघड वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

एक सावधगिरी मात्र पाळा. बोलणी चांगली झाली म्हणून लगेच बॅगा भरून राहायला जाऊ नका. परस्पर संमतीच्या अर्जाला आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. नवरा-बायको म्हणून पुन्हा एकत्र राहू लागलात, हा अर्ज मागे घेतलात आणि नंतर परत बिनसलं, तर ते वर्ष नव्याने मोजावं लागेल. या भीतीने घरी जायचं थांबा असं मी सांगत नाही. फक्त अर्ज मागे घेणं हे शेवटचं पाऊल ठेवा. आधी भेटी, मग कागद बघणं, मग घर शोधणं, मग पुरसीस. आणि समझोत्याच्या अटींप्रमाणे काही रक्कम किंवा वस्तू तुम्ही आधीच स्वीकारली असेल तर संमती मागे घेण्याआधी त्याचं काय करायचं ते वकिलाशी बोला. घेतलेलं ठेवून शब्द फिरवला असं दिसलं तर न्यायालयाला ते आवडत नाही. (ज्या वाचकांचा दावा संमतीचा नसून छळाच्या आरोपावर चालू आहे त्यांनी जास्त जपावं. एकत्र राहायला गेलं की "मागचं माफ केलं" असा युक्तिवाद होऊ शकतो.)

आता माहेर.

तुमची आई रडते त्याला मी नावं ठेवणार नाही. दहा-अकरा वर्षांच्या संसाराची एक सुटकेस आणि हाताला लहान मूल. एवढं ओझं घेऊन लेक दारात उभी राहिली की आई त्या दिवसापासून जावयाकडे बघणंच सोडते. तुम्ही तिला जे जे सांगितलंत ते ती विसरणार नाही, तुम्ही विसरलात तरी. माहेरी काढलेल्या प्रत्येक तक्रारीचं हे असं होतं. तुम्हाला त्यानंतरचा चहा दिसला, तिला दिसला नाही. म्हणून तिची समजूत पटवण्याच्या भानगडीत आत्ता पडू नका. अजून सांगण्यासारखं काही ठरलेलंच नाही. फक्त नवऱ्याला भेटणार आहात हे तिला तुमच्या तोंडून कळू दे, शेजारच्या काकूंकडून नको.

भावाचं वेगळं आहे. तो वाईट माणूस नाही, संकटात त्याने खिशात हात घातला. पण ज्याने फी भरली त्याला खटल्याच्या निकालावर हक्क असल्यासारखं वाटू लागतं, आणि तुम्हालाही ते आतून मान्य आहे, म्हणून तर तुम्ही त्याच्यासमोर बोलत नाही. तुम्ही कमावता. फीची रक्कम विचारा आणि हप्त्याहप्त्याने का होईना, ती परत करायला लागा. तो घेणार नाही म्हणेल. द्या. घटस्फोट झाला तरी द्या. आणि पाहुण्यांना सांगून झालंय म्हणून घटस्फोट घ्यायचा हे मात्र मला अजिबात पटत नाही. पाहुणे पुढच्या लग्नसराईपर्यंत दुसरा विषय शोधतील.

मुलाबद्दल तुम्ही जे लिहिलंय, "त्याच्यासाठी तरी", ते बाजूला ठेवा. तुमच्या घरातल्या अबोल्याचे महिने त्यानेही काढले आहेत. तो अबोला परत सुरू होणार असेल तर एकत्र घर त्याच्या भल्याचं आहे असं मला वाटत नाही. हॉस्पिटलमध्ये दोघांना एकत्र बघून त्याने काहीतरी मनाशी धरलं असणार. विचारेल तेव्हा खरं सांगा: आजोबांना बरं नव्हतं म्हणून गेलो होतो, आई-बाबा अजून बोलताहेत, ठरलं की आम्ही दोघं मिळून तुला सांगू. त्याला निरोप्या करू नका. "बाबांना विचार ना" असं हसत हसतसुद्धा नको.

मारहाण नाही असं तुम्ही स्वतःहून लिहिलंत. तसं नसतं, म्हणजे हात उचलला गेला असता किंवा धमकी दिली गेली असती, तर हे सगळं उत्तर मी लिहिलंच नसतं. तिथे हॉस्पिटलमधल्या चहाला काहीही किंमत नाही.

आणि समजा भेटीनंतर उत्तर नाही असं आलं. पाटल्या अजून गहाण, त्यांना भाऊ अजून पहिला, आणि तुमचं विचारणं म्हणजे कटकट. तर सप्टेंबरमध्ये जाऊन सही करा. त्या दिवशी रडू येईल, सासऱ्यांची आठवण येईल, कदाचित नवऱ्याचीही येईल. त्यावरून निर्णय चुकला असं समजू नका. सासऱ्यांना भेटायला जायला तुम्हाला कोणत्याही हुकूमनाम्याची परवानगी लागत नाही.

राहिली तारीख. सप्टेंबरपर्यंत सगळं ठरेलच असं नाही, आणि तारीख जवळ आली म्हणून ठरवून टाकू नका. तुमच्या अर्जाचे अठरा महिने पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये संपतात. तेव्हा येत्या सप्टेंबरच्या तारखेला दोघांनी हजर राहून, बोलणी चालू आहेत, पुढची तारीख द्यावी, अशी विनंती करता येते. नुसतं गैरहजर राहू नका, प्रकरण तसंच काढून टाकलं गेलं तर तुमच्याऐवजी ते टाळाटाळीने ठरल्यासारखं होईल. हे पती मान्य करतात का, की "एकदाचं संपवून टाकू" म्हणतात, तेही त्या गंगापूर रोडच्या हॉटेलातच विचारून घ्या.